घडीचा कॅमेरा आणि आपल्या माय-आजीचा चेहरा

मैत्रिणींनो, कापूस वेचून आल्या असाल, चुलीवर भाजी शिजत असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आज आम्ही एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत. ही वस्तू आम्हाला भंगारात जाता जाता सापडली. आमच्या गटातल्या एका ताईचं माहेर दारव्हा तालुक्यात आहे. तिचे चुलते शाळामास्तर होते. ते गेले, घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. पेटीत चामड्याच्या खोळीत एक काळी, चपटी, जड वस्तू होती आणि बिस्किटाचा एक डबा होता. भंगारवाला दारात उभाच होता. ताईचा भाऊ म्हणाला, "देऊन टाक, काय करायचं त्याचं?" ताईनं डबा उघडून पाहिला. आत काळपट फिल्मचे तुकडे होते. एक तुकडा उजेडापुढे धरला तर त्यात माणसं दिसली, पण पांढऱ्या केसांची जागा काळी आणि काळ्या केसांची पांढरी. ताईनं पेटी दिली नाही. एसटीत मांडीवर घेऊन ती गटाच्या बैठकीत आली.

ती काळी वस्तू म्हणजे घडीचा कॅमेरा. त्यावर नाव कोरलं होतं, आग्फा आयसोलेट. जर्मनीतल्या म्युनिक शहरातल्या कारखान्यात हे कॅमेरे बनत. पहिला आयसोलेट १९३० नंतरच्या दशकाच्या शेवटी आला आणि १९६० च्या सुमारास त्यांचं उत्पादन थांबलं. आमच्यातल्या कुणीच असला कॅमेरा पाहिला नव्हता. आम्ही सगळ्या मोबाइलवाल्या. म्हणून आधी त्याला समजून घ्यायचं ठरवलं.

पेटीसारखा भाता, डोळ्यासारखं भिंग

बंद असताना हा कॅमेरा जाड पुस्तकाएवढा असतो. वरची एक कळ दाबली की पुढचं झाकण खट्‌कन उघडतं आणि आतून भिंग पुढे येऊन उभं राहतं. भिंगामागे घड्याघड्यांचा काळा पडदा असतो. आमच्यातली एक भजनी मंडळात पेटी वाजवते. ती लगेच म्हणाली, "हा तर भाता!" बरोबर, भाताच तो. बाजाच्या पेटीचा भाता हवा धरून ठेवतो, कॅमेऱ्याचा भाता अंधार धरून ठेवतो. भिंगातून येईल तेवढाच उजेड फिल्मवर पडावा, बाजूनं एक किरणही आत शिरू नये, एवढंच त्याचं काम.

मग भाता लागतोच कशाला? या कॅमेऱ्यात फिल्म मोठी असते. फोटोचा एक चौकोन सहा सेंटिमीटर लांब आणि सहा सेंटिमीटर रुंद. एवढ्या मोठ्या चौकोनावर नीट चित्र पडायचं तर भिंग फिल्मपासून सात-आठ सेंटिमीटर लांब ठेवावं लागतं. म्हणजे कॅमेरा डब्यासारखा जाड होणार. तो खिशात मावावा म्हणून मधली जागा घडीची केली. वापरताना उघडायची, काम झालं की मिटायची. छत्रीचंच तत्त्व.

भिंगाभोवती तीन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली म्हणजे छिद्र. त्याचे आकडे ४.५, ५.६, ८, ११, १६ असे असतात. गंमत अशी की आकडा मोठा तर छिद्र लहान. आपल्या यवतमाळच्या एप्रिलच्या उन्हात ११ किंवा १६ वर ठेवायचं, ओसरीच्या सावलीत ४.५ वर. दुसरी म्हणजे झडप किती वेळ उघडी राहील. साध्या झडपेत सेकंदाचा पंचविसावा भाग किंवा दोनशेवा भाग असे वेग असत, आणि बोट दाबून ठेवू तोवर उघडी राहील अशी एक खूणही असे. तिसरी गोष्ट अंतर. समोरचा माणूस किती फुटांवर उभा आहे ते नजरेनं ओळखायचं आणि भिंगाचं कडं फिरवून त्या आकड्यावर आणायचं. अंदाज चुकला तर चेहरा पुसट येणार. आणि तो पुसट आला हे कळणार फोटो धुतल्यावर, काही दिवसांनी.

यातलं काहीही यंत्र स्वतः ठरवत नाही. उजेड किती, अंतर किती, हे सगळं फोटो काढणाऱ्यानं डोळ्यानं मोजायचं. फिल्मच्या खोक्यात ऊन, ढग, सावली यांची चित्रं असलेली चिठ्ठी यायची. तिच्यावरून शिकत शिकत हात बसायचा. आपण भाकरीचं पीठ मोजून कुठं घेतो? हात बसलेला असतो. तसंच.

कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी लाल काच असते. फिल्मच्या मागे कागद असतो, त्यावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. एक फोटो काढला की वरची चावी फिरवायची आणि लाल काचेत पुढचा आकडा येईपर्यंत थांबायचं. काच लालच का? सुरुवातीच्या फिल्मला लाल उजेड दिसतच नसे, त्यामुळे त्या खिडकीतून फिल्म खराब होत नसे. पुढे सगळे रंग ओळखणारी फिल्म आली, तेव्हा त्या काचेवर सरकतं झाकण बसवलं.

एका गुंडाळीत फोटो किती? बारा. फक्त बारा. मैत्रिणींनो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

परदेशातून मुंबईत, मुंबईतून गावात

फोटो काढण्याची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. पुढच्याच वर्षी ती हिंदुस्थानात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात इंग्रज अधिकारी होते, तसेच डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे भाऊ. स्वतः वैद्य आणि स्वतः फोटो काढणारे. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये फोटोग्राफी शिकवण्याचा वर्गही सुरू झाला. म्हणजे ही विद्या आपल्या राज्यात फार लवकर आली. पण ती मुंबईच्या पुरुषांपुरती राहिली.

त्या वेळी कॅमेरा म्हणजे मोठं खोकं, तीन पायांची घोडी, काचेच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या. बैलगाडी लागायची. फोटो काढून घेणाऱ्याला कित्येक सेकंद हालचाल न करता बसावं लागे. जुन्या फोटोत कुणी हसत नाही ते काही उगाच नाही.

पडद्यातल्या बायांचं काय? परक्या पुरुषापुढे चेहरा उघडा करायचा नाही, मग फोटो कसा निघणार? याला एक उत्तर आपल्या शेजारीच निघालं. १८९२ मध्ये राजा दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकारानं हैदराबादेत फक्त बायांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारी बाईच होती, केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. तेव्हा आपला वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच होता, कारभार मात्र इंग्रजांच्या हाती. पण त्या स्टुडिओत जाणाऱ्या बाया नवाब-सरदारांच्या घरच्या. आपल्या पणज्या तेव्हा निंदणाला जात होत्या.

बदल झाला तो गुंडाळीच्या फिल्ममुळे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आणला, काचेच्या पाट्या गेल्या. पुढे १८९० नंतर मागे कागद असलेली, आकडे छापलेली फिल्म आली, म्हणजे ती दिवसाउजेडी कॅमेऱ्यात भरता येऊ लागली. याच दशकात घडीचा खिशात मावणारा कोडॅक निघाला. १९०१ मध्ये १२० नंबरची फिल्म आली. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची ही फिल्म सव्वाशे वर्षांनंतर आजही बनते. मास्तरांच्या आयसोलेटमध्ये तीच लागते.

कारखानदारांनी बायांना गिऱ्हाईक म्हणून लवकर ओळखलं. कोडॅकच्या जाहिरातीत हातात कॅमेरा घेतलेली मुलगी असायची. १९२८ मध्ये तर त्यांनी खास बायांसाठी रंगीबेरंगी घडीचे कॅमेरे काढले. यंत्र तेच, वर रंग वेगळा. आजही आपल्याला गुलाबी मोबाइल दाखवतात, ती युक्ती शंभर वर्षं जुनी आहे.

अंधाऱ्या खोलीतल्या सरस्वतीबाई

आता आपल्या मराठी मुलखातल्या एका बाईची गोष्ट. दादासाहेब फाळके यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. सिनेमा काढण्याआधी ते फोटोग्राफर होते, गुजरातेत गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. पुढे बडोद्याला धंदा करताना त्यांना एका अफवेचा फटका बसला. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, माणूस मरतो, असं लोक बोलू लागले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायाही म्हणायच्या, "कायले काढता गा माया फोटो, आयुष्य कमी होते!" हसू नका. प्लेग, देवी, पटकी यांत माणसं पटापट जात होती. भीतीला काही तरी नाव द्यावं लागतं.

दादासाहेबांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत दाखवला. त्यात तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषानं लुगडं नेसून ते केलं. शाळेच्या पुस्तकात हे असतं. पण त्याच चित्रपटामागे एका बाईचे हात होते, ते पुस्तकात क्वचित येतं. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्याचं काम त्या शिकल्या. औषधं कालवणं, अंधारात फिल्म धुणं हे त्या करायच्या. वरून घरी राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. भांडवलासाठी त्यांचे दागिने गेले ते वेगळंच.

म्हणजे पाहा. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत होती. घरच्या शेतीत आपलं जसं असतं तसंच. पेरणी, निंदण, वेचणी आपली आणि शेतकरी म्हटलं की डोळ्यापुढे पुरुष येतो.

दुसरी गोष्ट होमाई व्यारावाला यांची. जन्म १९१३ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. शिक्षण मुंबईत जे. जे. कलाशाळेत. भारतातली पहिली महिला वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या नावानं. पहिल्या फोटोंना एकेक रुपया मिळाला. पुढे दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले मोठमोठे प्रसंग टिपले. १९७० मध्ये काम थांबवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. नाव मिळायला किती वर्षं लागली ते मोजा.

आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण वर्धा नदीपलीकडचं. सेवाग्राम आश्रमात गांधीजींचे नातेवाईक कनू गांधी फोटो काढत. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी कॅमेरा घेतला. तो घडीचा नव्हता, पण फिल्म त्याच मोठ्या चौकोनाची. बापूंनी तीन अटी घातल्या. लखलखणारा दिवा वापरायचा नाही, कुणाला असं बसा तसं उभे राहा म्हणायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. त्यामुळे कनूभाईंच्या फोटोत बापू आणि कस्तुरबा आपापल्या कामात असलेले दिसतात. फोटोसाठी नटून बसलेले दिसत नाहीत.

वीज नसलेल्या गावात फोटो कसा व्हायचा

आता आमच्या मास्तरांकडे येऊ. १९६० नंतरच्या काळात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत वीज नव्हती. मग फोटो तयार कसे होत?

इथे मोठ्या फिल्मचा उपयोग कळतो. लहान फिल्मचा फोटो मोठा करायला यंत्र लागतं, यंत्राला वीज लागते. सहा सेंटिमीटरचा चौकोन मात्र आहे तेवढाच छापला तरी चेहरा ओळखू येतो. फिल्म कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, कंदिलाचा उजेड काही सेकंद दाखवायचा. मग कागद औषधाच्या थाळीत. हळूहळू चित्र उमटतं. मग पाण्यात, मग हायपोच्या थाळीत. हायपो चित्र पक्कं करतं. शेवटी भरपूर पाण्यानं धुऊन दोरीवर वाळत घालायचं. ताई सांगते, मास्तरांची बायको, म्हणजे तिची काकू, रात्री सैपाकघरात गोधडीनं खिडकी झाकायची आणि पाण्याचे हंडे भरून ठेवायची. फोटो धुवायला पाणी फार लागतं. ते पाणी विहिरीवरून आणलं कुणी? सरस्वतीबाईंची आठवण झाली ना?

फिल्म आधी बाहेरच्या देशांतून यायची. पुढे सरकारनं १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, उटीला कारखाना उभा केला. १९६७ मध्ये तिथे माल निघू लागला. त्या फिल्मचं नाव होतं 'इंदू'. भारतातच बनलेला आग्फा क्लिक-३ हा साधा, स्वस्त कॅमेराही घराघरांत गेला. त्यालाही घडी नव्हती, पण फिल्म हीच, फोटो बाराच.

आणि बारा फोटो म्हणजे काय, ते आता पाहू. एक चौकोन वाया गेला की पैसे गेले. त्यामुळे कुणाचा फोटो काढायचा हे ठरवावं लागे. आधी घरचे कर्ते पुरुष. मग शाळेची मुलं, गुरुजी मधोमध खुर्चीवर. मग बैलजोडी. हो, पोळ्याला सजवलेली बैलजोडी! मग लग्न. राहिलंच एखादं चौकोन तर घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो. त्यात पुरुष पुढे खाटेवर, बाया मागे उभ्या, डोक्यावर पदर, काहींचा पदर नाकापर्यंत.

मास्तरांच्या डब्यातले तुकडे आम्ही एकेक करून पाहिले. बाया असलेले फोटो चौथाईसुद्धा नव्हते. बाईचा एकटीचा फोटो एकच, तोही एका म्हाताऱ्या आजीचा, बहुतेक मागे भिंतीवर लावायला हवा म्हणून काढलेला. ज्या वस्तीवर मजूर राहायचे, पारधी राहायचे, कोलामांचा पोड होता, तिथला एकही फोटो नव्हता. मास्तर वाईट नव्हते. पण बारा चौकोनांत कोण मावतं आणि कोण राहून जातं, यातून त्या काळचं गाव दिसतं. फोटोत जे आहे तो इतिहास, आणि जे नाही तोही इतिहास.

दोन मोबाइल आणि एक चेहरा

आता त्या फिल्मचे तुकडे वाचायचे कसे? आम्ही जुगाड केला, तो तुम्हीही करू शकता. एका मोबाइलवर कोरा पांढरा फोटो उघडला आणि उजेड पूर्ण वाढवला. त्यावर स्वच्छ काचेचा तुकडा ठेवला, काचेवर फिल्म ठेवली. दुसऱ्या मोबाइलनं वरून सरळ फोटो काढला. मग मोबाइलमध्ये रंग उलटे करण्याची सोय असते, ती दाबली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालं, आणि साठ वर्षांपूर्वीची माणसं आमच्याकडे पाहू लागली. ही फिल्म आजकालच्या जुन्या रोलच्या फिल्मपेक्षा साडेतीन पट मोठी असते, म्हणून चेहरे एवढे स्पष्ट आले. लुगड्याचा काठ दिसत होता. कपाळावरचं गोंदण दिसत होतं.

पण नावं? डब्यात काही कागदी पाकिटं होती. मास्तरांनी पुरुषांची नावं अक्षर काढून लिहिली होती. बायांपुढे लिहिलं होतं, "व घरची मंडळी".

आम्ही ते फोटो घेऊन ताईच्या माहेरी गेलो. गावात ऐंशीच्या पुढच्या दोन आज्या होत्या. दोघींना एकत्र बसवलं असतं तर एक बोलली की दुसरी मान हलवणार. म्हणून दोघींना वेगवेगळं विचारलं. ज्या चेहऱ्याला दोघींनी एकच नाव सांगितलं, तेच लिहायचं ठरवलं. एका फोटोत अंगणात सात बाया होत्या. कडेच्या बाईच्या कमरेवर लेकरू होतं, पदर थोडा मागे सरकलेला होता. दोन्ही आज्यांनी तिचं एकच नाव सांगितलं. ती बाई पुढच्याच बाळंतपणात गेली होती. दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी मिळाली नव्हती.

कमरेवरचं ते लेकरू आज साठीच्या पुढं आहे. गावातच राहते, अंगणवाडीत मदतनीस होती. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता. घरात आईचा एकही फोटो नव्हता. आयुष्यभर तिनं फक्त ऐकलं होतं, "तू मायसारखी दिसतेस." आम्ही तिच्या हातात मोबाइल दिला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे माही माय हाय का व?" आणि नंतर, "किती लहान पोरगी हाय माय!"

खरंच. त्या फोटोतली आई विशी-बाविशीची असेल. तिची मुलगी आता तिच्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठी आहे.

त्या दिवशी आम्ही परत येताना एसटीत कुणीच फार बोललो नाही. आमच्या मनात एकच हिशेब चालू होता. भंगारवाल्यानं त्या पेटीचे किती दिले असते?

आपल्या घरात काय करायचं

मैत्रिणींनो, आज आपले फोटो कमी नाहीत. मतदार ओळखपत्रावर फोटो १९९३ पासून आला. पुढे बँकेचं पासबुक, आधार, रोजगार हमीचं कार्ड, सगळीकडे आपला चेहरा आहे. कित्येक म्हाताऱ्या बायांचा आयुष्यातला पहिला एकटीचा फोटो ओळखपत्राचाच असतो. आणि आपल्या जिल्ह्यात कितीतरी घरांत भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, तो पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला, कारण दुसरा फोटोच नव्हता. त्या घरातल्या बाईला विचारा, एका फोटोची किंमत काय असते.

मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत. पण मोबाइल पडला, हरवला, बिघडला की सगळे एकदम जातात. मास्तरांची फिल्म पत्र्याच्या पेटीत साठ वर्षं टिकली. म्हणून काही साध्या गोष्टी आपण करू.

घरात जुनी फिल्म, निगेटिव्ह सापडली तर फेकू नका. कडेनं धरा, मधोमध बोट लावू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, वरचा थर निघून येतो. धूळ मऊ ब्रशनं झटका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा. टिनाच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात दमट होतो, तिथे ठेवू नका. खालच्या कोरड्या कपाटात ठेवा. फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास येत असेल तर ती कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि आधी तिचाच मोबाइलनं फोटो काढून घ्या.

कागदी फोटोच्या मागे शिसपेन्सिलनं हलक्या हातानं लिहा. पेननं लिहिलं तर शाई पुढे उतरते. काय लिहायचं? सगळ्यांची नावं, डावीकडून उजवीकडे. बायांची नावं माहेरच्या नावासकट. गाव, अंदाजे साल, आणि नाव कुणी सांगितलं ते. "घरची मंडळी" असं लिहायचं नाही.

घडीचा कॅमेरा सापडला तर? त्याचा भाता तपासा. अंधाऱ्या खोलीत पाठ उघडून आत मोबाइलचा दिवा धरा. भात्याच्या कोपऱ्यांतून चांदण्यासारखे ठिपके दिसले तर भोकं पडली आहेत. आमच्या कॅमेऱ्याला तीन दिसली. आम्ही काळ्या रंगानं ती बुजवली. भिंगाचं कडंही घट्ट बसलं होतं, जुनं वंगण वाळून डिंक झालं होतं. ते एका घड्याळदुरुस्तीवाल्या काकांनी मोकळं करून दिलं. १२० ची एक फिल्म आज निंदणाच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा महाग आहे. गटातल्या सगळ्यांनी थोडेथोडे पैसे काढून एक आणली.

बारा चौकोन. कुणाचे फोटो काढायचे, यावर बैठकीत मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं गटाचा काढू, कुणी म्हणालं मंदिराचा काढू. शेवटी ठरलं ते असं. गावातल्या ज्या बारा बायांचा घरात एकटीचा फोटो नाही, त्यांचे काढायचे. पोडावरच्या, तांड्यावरच्या, बौद्धवाड्यातल्या, सगळीकडच्या. कापूस वेचताना, चुलीजवळ, शेळ्यांमागे, जशा आहेत तशा. असं बसा तसं उभ्या राहा म्हणायचं नाही.

बारापैकी नऊ फोटो बरे आले. दोघींचे चेहरे पुसट आले, अंतराचा अंदाज आमचा चुकला. एक चौकोन कोराच निघाला, झडप ओढायची राहिली होती. त्या तिघींचे मोबाइलनं काढून छापून दिले. पण तिसरी आजी म्हणते, "मले त्या भात्याच्याच कॅमेऱ्यात काढा." तिच्यासाठी पुढच्या महिन्यात दुसरी फिल्म आणायची आहे.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईजवळ बसा. जुना फोटो असेल तर काढा, नसेल तर मोबाइलमधला दाखवा. विचारा, हे कोण, ते कोण. ती सांगेल ते पेन्सिलनं लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका, कारण ती नावं आता फक्त तिच्याच डोक्यात आहेत.